आमची तांबडी बर्फाच्या गावाला निघाली

"ती जुनी गाडी इकडेच विकून टाका आणि तिकडे गेल्यावर नवी घ्या!" हा सल्ला २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात मला एकूण सात जणांनी दिला. त्यांतले पाच मराठी, एक शेजारचे जर्मन आजोबा आणि सातवी आमची नऊ वर्षांची कन्या. कन्येच्या मैत्रिणीच्या गाडीतली सीट म्हणे बटण दाबलं की गरम होते. आमच्या गाडीत तसलं काही नाही. आमच्या गाडीत सीट गरम करायची तर आपण स्वतः बसून करावी लागते.

झालं होतं असं, की सौ.ला केम्प्टनजवळ चांगली नोकरी मिळाली. माझी नोकरी वाल्डॉर्फमध्येच, पण आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करायची सोय. तेव्हा ऑक्टोबरअखेर बिऱ्हाड केम्प्टनला हलवायचं ठरलं. अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर. कार्ल्सरूह, श्टुटगार्ट, उल्म, तिथून खाली दक्षिणेला. पण मंडळी, ही तीनशे किलोमीटर म्हणजे एका हवामानातून दुसऱ्या हवामानात जाणं आहे.

वाल्डॉर्फ ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून जेमतेम एकशेदहा मीटरवर. जर्मनीतल्या सर्वांत उबदार पट्ट्यांपैकी हा एक. इथे शतावरी पिकते, आणि बर्फ पडलाच तर लेकरांचा स्नोमॅन होईपर्यंत वितळून जातो. केम्प्टन आल्प्सच्या पायथ्याशी, आल्गॉय भागात, सुमारे पावणेसातशे मीटरवर. तिथून आणखी दक्षिणेला गेलं की रीडबर्ग खिंडीचा रस्ता लागतो. तो १,४०७ मीटर उंच आणि चढ काही ठिकाणी १६ टक्के. त्या खिंडीपलीकडचं बाल्डरश्वांग गाव २०१९ च्या जानेवारीत हिमप्रपाताच्या धोक्यामुळे काही दिवस जगापासून तुटलं होतं. म्हणजे पुण्याहून उठून महाबळेश्वरला राहायला जाणं नव्हे हे. त्याच्या पुष्कळ पुढचं आहे.

वाल्डॉर्फचाच एक खाटकाचा मुलगा, योहान याकोब आस्टोर (जन्म १७६३), अठराव्या शतकात अमेरिकेला गेला आणि उबदार कातड्यांचा व्यापार करून तिथला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. न्यूयॉर्कच्या त्या प्रसिद्ध हॉटेलच्या नावातला 'वाल्डॉर्फ' तो हाच. थंडीचा फायदा करून घेण्याची परंपरा या गावाला आहे. अस्मादिकांना मात्र थंडीने आजवर खर्चातच घातलं आहे.

आमची तांबडी

आमची गाडी २००८ सालची. लहान, लाल, पेट्रोलवर चालणारी. २०१२ मध्ये वापरलेली घेतली. कन्येला हॉस्पिटलातून घरी आणली ती हिच्यातूनच. घरात तिचं नाव 'तांबडी'. एक लाख नव्वद हजार किलोमीटर झालेले, इंजिन ठणठणीत. विकायला काढली असती तर नव्या गाडीची चार चाकंदेखील आली नसती. ती टिकवावी असं मला वाटत होतं, आणि त्यात भावना किती आणि हिशेब किती हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

पण यावेळी एक गोष्ट वेगळी होती. गाडी तयार करणार मी आणि रोज चालवणार सौ. सकाळी सहाला, अंधारात, कन्येला पाळणाघरवजा शाळेत सोडून, दोन टेकड्या ओलांडून अठरा किलोमीटर. आपण स्वतः चालवणार असलो की माणूस चार गोष्टी चालवून घेतो. दुसरं कुणी चालवणार असलं की नाही घेता येत.

शिवाय माझ्या गाठी एक अनुभव होता. तो आजवर मी फारसा कुणाला सांगितलेला नाही.

२००५ मध्ये मी कार्ल्सरूहला मास्टर्ससाठी आलो, आणि शिक्षण संपल्यावर वाल्डॉर्फला नोकरीला लागलो. २०१० च्या जानेवारीत आई-बाबा पहिल्यांदा आले होते. त्यांना बर्फ दाखवायचा म्हणून मी माझ्या तेव्हाच्या गाडीतून त्यांना काळ्या जंगलात मुमेलझे तळ्याकडे घेऊन निघालो. टायर उन्हाळी. "एका दिवसासाठी काय करायचेत हिवाळी टायर?" असा माझा युक्तिवाद. खाली वाल्डॉर्फला रस्ता कोरडा होता ना! परतताना उतारावर वळण आलं, मी ब्रेक दाबला आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ गेली. मग गोल फिरली. शेवटी रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतून थांबली. ढिगारा नसता तर त्याच्यापलीकडे काय होतं, ते मी नंतर उतरून पाहिलं आणि पुन्हा गाडीत येऊन बसलो.

आई देवाचं नाव घेत होती. बाबा जन्मभर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेले. ते पाच मिनिटं गप्प राहिले, मग म्हणाले, "गाडी पळवायला कुणीही शिकतं रे. थांबवायला शिकायला पाहिजे."

एवढंच. पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही. पण तांबडीला बर्फात न्यायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा तेच वाक्य आठवलं. आपण हिवाळ्याची तयारी म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सकाळी सुरू न होणारी गाडी येते. सुरू झाली नाही तर फार तर उशीर होतो. थांबली नाही तर काय होतं ते मी पाहिलेलं होतं. म्हणून ठरवलं, की तयारीचा क्रम उलटा लावायचा: आधी थांबणं, मग दिसणं, आणि सगळ्यात शेवटी सुरू होणं.

थांबणं: हिशेब क्रिकेटच्या खेळपट्टीत

इंजिनियर माणसाला आकड्यांशिवाय करमत नाही, तेव्हा थोडा हिशेब. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना कोरड्या डांबरी रस्त्यावर, पाय ब्रेकवर पडल्यापासून, गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरनिशी सुमारे ४० मीटर लागतात. नुसत्या गुळगुळीत बर्फाच्या काचेवर जवळजवळ १०० मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची. म्हणजे कोरड्यावर अर्धी खेळपट्टी, बर्फावर दोन, आणि काचेवर पाच! उन्हाळी टायर असतील तर बर्फावरचा आकडा याहून पुष्कळ वाढतो, कारण ते रबर थंडीत कडक होतं आणि रस्ता धरत नाही. सात अंशांखाली हिवाळी टायर बरे, असा इकडचा साधा ठोकताळा आहे. 'ऑक्टोबर ते ईस्टर' हा टायरचा जर्मन पंचांगातला मुहूर्तही तुम्हाला माहीत असेल.

कायद्याचं म्हणाल तर जर्मनीत तारखेचं बंधन नाही, परिस्थितीचं आहे. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दहिवराची निसरड असेल तर हिवाळी टायर पाहिजेतच. २००६ पासून याबद्दल एक मोघम कलम होतं, ते डिसेंबर २०१० मध्ये स्पष्ट झालं. मोडलं तर ६० युरो दंड आणि एक पॉइंट. गाडीमुळे वाहतूक अडली तर ८० युरो.

जुन्या गाडीवाल्यांनी इथे एक गोष्ट नीट पाहावी. टायरच्या बाजूला नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असलं तर १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत ते हिवाळी टायर म्हणून चालत नाहीत. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवं. तांबडीवर होते ते बारमाही टायर, नक्षी भरपूर शिल्लक, दिसायला उत्तम. चिन्ह पाहिलं तर नुसतं 'एम प्लस एस'! शेजारी 'डॉट'नंतरचे चार आकडे होते ३८१४. म्हणजे २०१४ सालचा अडतिसावा आठवडा. दहा वर्षांचं रबर. नक्षी किती का असेना, ते आतून वाळलेलं असतं. सगळेच्या सगळे काढले आणि चार हिवाळी टायर वेगळ्या रिमवर बसवून घेतले. दोन पुढे नवे आणि मागे जुने, ही काटकसर कृपा करून करू नका. पुढचं धरतं, मागचं सुटतं आणि गाडी गोल फिरते. तो फेरा मी एकदा घेतलेला आहे.

नक्षीची कायदेशीर मर्यादा जर्मनीत १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फात चार मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असं जाणकार सांगतात. शेजारच्या ऑस्ट्रियात तर चार मिलिमीटरच्या खालचा टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत, आणि केम्प्टनहून ऑस्ट्रिया जवळच आहे. हवेचा दाबही दर महिन्याला पाहावा. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण ०.१ बारने उतरतो. चाकं बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नये.

आणखी एक. घसरताना गाडी सावरणारी 'ईएसपी' नावाची यंत्रणा युरोपात सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०१४ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या लहान गाड्यांमध्ये ती असेलच असं नाही. आमच्या तांबडीत नाही. हे सौ.ला आधी सांगितलं, म्हणजे नंतर गाडीवर नको तेवढा विश्वास टाकला जाणार नाही.

मास्टर, बाबा आणि एक नळी

टायर झाले म्हणून मी खुशीत होतो. कूलंट, बॅटरी आणि वायपर एवढं पाहून घेऊ म्हणून वाल्डॉर्फजवळच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. तिथले मास्टर साठीचे. अक्षर फार बोलत नाहीत. मी म्हटलं, "गाडी आल्गॉयला न्यायचीय." त्यांनी काही न बोलता गाडी लिफ्टवर चढवली आणि टॉर्च घेऊन खाली उभे राहिले. मग मला बोट दाखवून बोलावलं.

मागच्या ॲक्सलवरून जाणारी ब्रेकची बारीक लोखंडी नळी. चिमटीत धरून त्यांनी वरचा चिखल खरवडला तशी खाली गंजाची खपली निघाली. "ही वाल्डॉर्फमध्ये आणखी दोन वर्षं चालली असती," ते म्हणाले. "तिकडे मिठात? एक हिवाळा. कदाचित तेवढाही नाही."

मी म्हटलं, "पण २०२३ च्या वसंतात ट्यूफ पास झालेली आहे."

"ट्यूफ त्या दिवसापुरती असते," मास्टर म्हणाले.

हे मला तिथे पहिल्यांदा कळलं असं नाही, पण तिथे पहिल्यांदा पटलं. दर दोन वर्षांनी होणारी तपासणी आजची स्थिती सांगते. उद्या तुम्ही गाडी कुठे नेणार, हे तिला माहीत नसतं. आणि ब्रेकची नळी फुटते कधी? सावकाश दाबताना नाही. जिवाच्या आकांताने दाबतो तेव्हा.

मी फोन काढला आणि साताऱ्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कॅमेरा नळीवर धरला. बाबांनी चष्मा वरखाली केला आणि विचारलं, "बाकीच्या नळ्या पाहिल्या का?" मी मास्टरांना भाषांतर करून सांगितलं. मास्टरांनी टॉर्च फिरवला. दुसऱ्या बाजूचीही तीच अवस्था. "मग दोन्ही बदल. ब्रेक ऑइलपण नवं भर. हीटर-बिटर नंतर बघ," बाबा म्हणाले. मास्टरांना भाषा कळली नाही, पण मान त्यांनी आधीच डोलावली होती. एकाने जन्मभर एस.टी. दुरुस्त केल्या, दुसऱ्याने जर्मन गाड्या. दोघांचं एका वाक्यात जमलं, आणि दोन देशांच्या पदव्या घेतलेला मी मध्ये दुभाष्या!

नव्या नळ्या तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या घातल्या. त्या लोखंडासारख्या गंजत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते तसंही साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमचं किती वर्षांचं होतं ते इथे लिहीत नाही.

मीठ

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मिठात लोणचं टिकतं, गाडी नाही टिकत. खारं पाणी वीज चांगलं वाहून नेतं, आणि गंजणं ही मुळात विजेचीच बारीकशी क्रिया आहे. ओलावा आणि मीठ मिळालं की ती जोरात चालते. ऊब मिळाली की आणखी जोरात. म्हणून एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा: मिठाने माखलेली ओली गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवणं हे बाहेर थंडीत ठेवण्यापेक्षा वाईट. आमच्यासारखे 'लाटेर्नेनगाराजे'वाले, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याखाली गाडी लावणारे, या बाबतीत तरी सुखी.

मास्टरांनी गाडी खालून धुतली, दोन दिवस पूर्ण वाळू दिली, सुटा गंज खरवडला आणि मग पोकळ भागांत आणि तळाला मेणाचा फवारा मारला. "वरून काळं डांबर फासून घेऊ नका," असं त्यांनी बजावलं. गंजावर डांबराचा थर दिला की वरून सगळं छान दिसतं आणि आत गंज मजेत वाढतो. मेण मऊ राहतं, फटीत शिरतं आणि खालचं दिसतंही. दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं आणि काचेखालची पन्हळ पानांनी बुजलेली होती, ती मोकळी केली. त्यामुळे एक फायदा असा झाला, की गाडीत पायाशी येणारा कुबट वास गेला. तो वास मी इतकी वर्षं कन्येच्या सांडलेल्या दुधाच्या माथी मारत होतो.

हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी, तापमान शून्याच्या वर असलेल्या दिवशी, तळ धुणाऱ्या केंद्रात गाडी धुऊन आणावी. तेवढ्यानेही आयुष्य वाढतं.

दिसणं

काच पुसायच्या पाण्यात गोठणरोधक हवंच. नुसतं टाकीत ओतून भागत नाही. दोन-चार फवारे मारून ते नळीत आणि तोंडापर्यंत पोचवायचं, नाही तर टाकी द्रव आणि तोंड बंद. वायपर नवे. दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून घेतल्या. सकाळचा अंधार पाहता हे पैसे सर्वांत आधी वसूल झाले.

आतून काचेवर धुकं धरतं ते ओलीमुळे. आत येणाऱ्या हवेचा फिल्टर बदलला, कापडी पायपुसणी काढून कडा उंच असलेल्या रबरी घातल्या. थंडीतही एसी चालू करावा, तो हवा कोरडी करतो. हे सौ.ला पटायला एक आठवडा लागला. "थंडीत एसी? बिल कोण भरणार?"

आणि काच पूर्ण साफ करायची. चारही बाजूंच्या काचा, दिवे, नंबरप्लेट आणि टपावरचा बर्फसुद्धा. पुढे पाहायला मूठभर भोक खरवडून निघणाऱ्यांना इथे दंड होतो, आणि तो योग्यच आहे. ब्रेक दाबल्यावर टपावरचा सगळा बर्फ पुढच्या काचेवर येतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही. इंजिन चालू ठेवून गाडी उभ्या-उभ्या गरम करायलाही बंदी आहे. आधी खरवडा, मग सुरू करा आणि लगेच हळूहळू निघा. इंजिनलाही तेच मानवतं.

दाराच्या रबराला हरणाच्या चरबीची कांडी लावायची इथे पद्धत आहे, म्हणजे दार गोठून चिकटत नाही. आमच्या घरी शाकाहारी सौ.ने ती कांडी पाहून नाक मुरडलं. ग्लिसरीननेही काम होतं. आमच्याकडे ग्लिसरीन.

सुरू होणं

आता शेवटी ते, ज्याची सगळे आधी काळजी करतात.

कूलंट: मी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात टाकी खाली गेली की नळाचं पाणी ओतत आलो होतो. वाल्डॉर्फमध्ये पचलं. मास्टरांनी मोजपट्टीच्या नळीत ओढून पाहिलं तर संरक्षण जेमतेम उणे आठपर्यंत! पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनचा ठोकळाही फोडू शकतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास टिकतं. पण "जास्त घातलं तर जास्त चांगलं" हा आपला मसाल्याचा नियम इथे लागू नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं! आणि वेगवेगळ्या प्रकारची द्रव्यं एकत्र करू नयेत. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेच घालावं.

बॅटरी: थंडीत तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. बॅटरीवर लिहिलेला थंडीतला अँपिअरचा आकडा उणे १८ अंशांना मोजलेला असतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी शून्याच्या थोडंसंच खाली गेलं तरी गोठू शकतं, भरलेल्यातलं नाही. आमची सात वर्षांची होती. ती बदलली.

ऑइल: डब्यावरच्या 'डब्ल्यू'च्या अलीकडचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पातळ राहतं. तो 'डब्ल्यू' विंटरचाच. गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर १० किंवा १५ ऐवजी ५ चं घ्यावं.

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द. जर्मनीत १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर पंपावर हिवाळी डिझेल मिळतं. ते उणे २० पर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे असा नियम आहे. पण उन्हाळ्यात भरलेली टाकी तशीच डोंगरात नेली तर डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये अडकतं. तेव्हा जुनं संपवून जा. मिनेसोटात किंवा अल्बर्टात राहणारी आपली मंडळी रात्री गाडीला चक्क विजेची वायर जोडून ठेवतात. तेवढी वेळ आल्गॉयमध्ये येत नाही.

हँडब्रेक: ओली गाडी कडक थंडीत हँडब्रेक ओढून ठेवली तर तो गोठून बसतो. सपाटीवर गियरमध्ये ठेवावी.

डिकीतली पिशवी

जाड घोंगडी, टॉर्च, छोटं फावडं, हातमोजे, बॅटरीच्या वायरी आणि साखळ्या. साखळ्या घरी एकदा कोरड्यात चढवून पाहाव्यात. बर्फात, अंधारात, पुस्तिका वाचत पहिला प्रयोग करू नये. ज्या चाकांना इंजिनची ओढ आहे त्यांनाच त्या चढवायच्या, आणि वेग ५० च्या आत. चमकतं जाकीट, त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी तर कायद्यानेच हवी. सौ.ने त्यात चिवड्याचा डबा घातला. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये. बर्फात अडकून पडलात आणि इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना, ते उतरून पाहा. तिथे बर्फ बसला तर विषारी धूर आत येतो.

आणि लहान मुलांना फुगीर जाकीट घालून सीटच्या पट्ट्यात बांधू नका. धडकेत जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जाकीट काढा, पट्टा अंगालगत आवळा, वरून पांघरूण द्या.

थांबली

सगळं मिळून खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला. हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण प्रत्येक जुनी गाडी अशी वाचवावी असं माझं म्हणणं नाही. मास्टरांनी दिलेला निकष सोपा आहे: बदलता येणारं किती खराब आहे आणि सांगाडा किती खराब आहे, हे वेगळं पाहा. नळ्या, टायर, बॅटरी बदलता येतात. तळाचे मुख्य पत्रे आणि सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं ते भाग कुजले असतील तर मोह सोडावा. तांबडीचे शाबूत होते. नसते, तर मी भावना गुंडाळून ठेवल्या असत्या.

नोव्हेंबर संपता संपता केम्प्टनला खरा बर्फ पडला. पहिल्या रविवारी आम्ही रिकाम्या पार्किंगमध्ये परवानगी काढून गेलो आणि सौ.ने तासभर फक्त ब्रेक दाबायचा सराव केला. मागे बसलेली कन्या टाळ्या वाजवत होती. बाबांनी फोनवरून घाटाचा धडा दिला: "खंबाटकीत ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचं. मुळात वेग कमी, मग ब्रेकची गरज कमी." बर्फालाही हे लागू आहे. फक्त गियर उतरवताना क्लच झटक्याने सोडायचा नाही.

जानेवारीत एका सकाळी सौ.चा फोन आला. आवाज शांत होता. टेकडीच्या उतारावर पुढच्या वळणापलीकडे दुधाचा टँकर आडवा होऊन पडला होता. दोघी गाडीत. तिने ब्रेक दाबला.

"आणि?" मी विचारलं.

"थांबली," ती म्हणाली. "टँकरच्या बरीच अलीकडे थांबली. मी आता शाळेत पोचलेय, ठेवते."

मी फोन ठेवला आणि साताऱ्याला लावला.

तेव्हापासून आमच्या घरी एक प्रथा पडली आहे. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, झेंडू बांधतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. इकडच्या ऑक्टोबर-ईस्टरच्या हिशेबातही दसरा अगदी वेळेवर येतो. तेव्हा हळदकुंकवाआधी गुडघ्यावर बसून टायरवरचं चिन्ह आणि चार आकडे वाचायचे, कूलंट मोजायचं, आणि खाली टॉर्च मारून ब्रेकच्या नळ्या पाहायच्या. झेंडू नंतर. तुमच्याही घरी करून पाहा. सीट गरम करायचं बटण मात्र आमच्याकडे अजून नाही, त्याबद्दल कन्येची तक्रार कायम आहे.